गोळी चालू आहे, पण अब्बांशी बोलतं कोण?

लोणी देवकरला मुलगा एमआयडीसीत जातो, सून शेतावर. घरात अब्बा एकटेच. झोप नाही, जेवण जात नाही, नमाजलाही मन लागत नाही. आपण म्हणतो, वय झालं, सब्र करा. तिथंच बोलणं संपतं. हा नैराश्याचा आजारही असू शकतो.

डॉक्टरांनी दिलेली गोळी हवीच. ती आपल्या मनानं बंद करू नये. पण सोबत समुपदेशनही हवं. गोव्यात साठीपुढच्या, उदासीची लक्षणं दिसू लागलेल्या १८१ जणांचा अभ्यास झाला. निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं बोलली. रोजच्या अडचणींतून वाट कशी काढायची, झोप कशी सुधारायची, अशा गोष्टींवर. वर्षभरात त्यांच्यातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्य जडलं, बाकीच्यांत १४.४ टक्के. हा अभ्यास आजार टाळण्याचा होता, गोळीला पर्याय म्हणून नव्हे.

बीपी-शुगर तपासणाऱ्या आरोग्य केंद्रातच अशी माणसं नेमावीत, ही आमची मागणी. तोवर सरकारची टेलि-मानस सेवा आहे: १४४१६, मोफत, मराठीतही. मात्र ऐकू कमी येणाऱ्या नानीला फोन लावून देणारं, शेजारी बसणारं कुणीतरी घरातलंच लागेल.