विश्लेषण: ई२० पेट्रोलच्या काळात घरची जुनी स्पोर्ट्स कार कशी सांभाळायची?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करता येते, हीच तिची मोठी गंमत. बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग, पंख्याचा पट्टा सगळं समोर दिसतं आणि हाताला लागतं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाने, पेचकस, फीलर गेज आणि एक मोकळा रविवार असला की बरंच काम उरकतं. या गाड्यांचे शौकीन ब्रेक, वायरिंग, अगदी इंजिनही घरच्या घरी उघडायला शिकले. पण २०२५मध्ये भारतात त्यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली ती गाडीत नव्हती. ती पेट्रोल पंपाच्या नळातून आली.

देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई२०, विकायला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरुवात झाली. आधी २०३०पर्यंत गाठायचं ठरलेलं हे उद्दिष्ट २०२५-२६वर आणलं गेलं आणि २०२५मध्ये हेच पेट्रोल देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. तेलाच्या आयातीवरचा खर्च वाचतो आणि उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळतं, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे वेगळं सांगायला नको. पण एप्रिल २०२३नंतरच्या गाड्या ई२० गृहीत धरून बनल्या आहेत. १९७०च्या गाडीचं काय?

एका गाडीचं उदाहरण

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली. भावंडं धरून आकडा पाच लाखांच्या वर जातो. (आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एमजी हेक्टरशी तिचं नातं बिल्ल्यापुरतंच.) जगात घरी सर्वाधिक दुरुस्त होणाऱ्या क्लासिक गाड्यांमध्ये तिचा नंबर बराच वर लागतो, कारण सुटे भाग आजही मिळतात. गंजून गेलेल्या गाडीसाठी नवी कोरी बॉडीसुद्धा १९८८पासून ब्रिटनमध्ये पुन्हा बनते.

१७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर. पेट्रोलची टाकी मागे, विजेवर चालणारा पंपही मागे. तिथून धातूची नळी पुढे येते आणि शेवटचा टप्पा रबरी पाइपांचा. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर वर, तापून लाल व्हायच्या बेताला आलेला मॅनिफोल्ड त्याच्या खाली. रबरी पाइप पाझरू लागला तर पेट्रोलचा थेंब कुठे पडेल हे वेगळं सांगायची गरज नाही.

इथेनॉल नेमकं करतं काय?

जुन्या गाड्यांमधलं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ते आधी फुगतं, मऊ पडतं, मग कडक होऊन चिरतं. कॉर्कची गॅस्केट, पंपातला पडदा, फ्लोटच्या सुईचं टोक यांचीही तीच गत. टाकीला आतून जुना लेप लावलेला असेल तर तो सुटू शकतो. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर इथेनॉल विरघळवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. त्यामुळे ई२०वर पहिल्या काही टाक्या चालवल्यावर गाडी धक्के देऊ लागली तर इंजिन उघडण्याआधी फिल्टर बघावा.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये जे स्पष्टीकरण दिलं त्यातही काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं म्हटलं होतं. हे काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारं आहे, असंही. रोज चालणाऱ्या गाडीला हे लागू पडेल. क्लासिक गाडी मात्र वर्षाला हजार किलोमीटरही धावत नाही. तिच्या बाबतीत रबर किलोमीटरने झिजत नाही, पेट्रोलमध्ये नुसतं भिजत बसून खराब होतं. म्हणून तिचा हिशेब कॅलेंडरवर ठेवावा लागतो.

उपाय सोपा आहे, फक्त अर्धवट करून चालत नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप एकदम बदलायचे. नवा पाइप घेताना त्यावरचा शिक्का वाचायचा. 'एसएई जे३० आर९' असं छापलेल्या पाइपाला आतून इथेनॉल सोसणारं अस्तर असतं. 'पेट्रोल पाइप' म्हणून मीटरवर मिळणारा बिनशिक्क्याचा पाइप घेऊ नये, तो चार पैशांनी स्वस्त असला तरी. काम करताना बॅटरीची तार काढलेली, गाडी मोकळ्या हवेत आणि अग्निशामक हाताशी हवा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगत साचते. गाडीखाली शिरायचं तर ती जॅकस्टँडवरच उभी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी शिरू नये.

गाडी 'कोरडी' का चालते?

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला काही कळत नाही, त्याचं जेट १९७०मध्ये होतं तेवढंच पेट्रोल आजही सोडतं. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं, आपले मेकॅनिक त्याला 'लीन' म्हणतात. गाडी अडखळते, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, इंजिन जास्त तापतं.

एमजीबीच्या मालकाला यावर पाना पुरतो. तिच्या बऱ्याच गाड्यांवर असलेल्या एचएस४ कार्ब्युरेटरच्या तळाशी एक षटकोनी नट असतो. तो खाली फिरवला की जेट खाली सरकतं आणि पेट्रोल वाढतं. आधी इंजिन नीट गरम करायचं. मग दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, ते पाहायचं. जुने लोक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून आवाज जुळवतात आणि ही युक्ती आजही चोख चालते. त्यानंतर दोन्ही नट एका वेळी एकच बाजू, म्हणजे फेरीचा सहावा भाग, फिरवायचे. कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलून बघायचा. इंजिन बंद पडायला लागलं तर मिश्रण अजून पातळ आहे. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त झालं. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला की जमलं. एक फेरफटका मारून प्लग काढावेत. टोक फिकट तपकिरी हवं. पांढरं दिसलं तर अजून काम बाकी आहे.

मायलेज मात्र पान्याने परत येत नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. एक फायदाही नोंदवायला हवा. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, त्यामुळे चढावर इंजिन ठोके देण्याची तक्रार कमी होते.

पावसाळ्याचे चार महिने

मुंबई-कोकणात क्लासिक गाडी जूनमध्ये झाकून ठेवायची आणि गणपतीनंतर बाहेर काढायची, अशी अनेकांची रीत आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाण्याचं प्रमाण हद्दीबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात. पंपाची नळी पेट्रोल ओढते ती तळाजवळूनच. टाकी आतून गंजते ती इथूनच. म्हणून टाकी अर्धी ठेवू नये. एकतर पूर्ण रिकामी करावी, नाहीतर काठोकाठ भरून आतली दमट हवा कमी करावी.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी मोजता येतं. १०० मिलीच्या मापाच्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८च्या आसपास गेला तर ई२०, १९च्या आसपास राहिला तर ई१०. हे उघड्यावरच करायचं आणि ते पेट्रोल परत टाकीत घालायचं नाही.

ब्रिटनमध्ये काय केलं?

ब्रिटनने १ सप्टेंबर २०२१पासून नेहमीचं पेट्रोल ई१० केलं, पण ९७ ऑक्टेनचं महाग 'सुपर' पेट्रोल जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉलचंच ठेवलं. क्लासिक गाड्यांसाठी ते वापरा, असा सरकारी सल्ला आहे. म्हणजे पैसे जास्त मोजायची तयारी असलेल्याला निवड आहे. भारतात इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

या गाड्यांनी असा बदल आधीही पचवला आहे. १ फेब्रुवारी २०००पासून भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याची भीती होती. हेड उतरवून कडक धातूच्या बैठका बसवणं हा त्यावरचा उपाय ठरला. पण ते काम एकदा केलं की संपत होतं. रबराचं तसं नाही, ते दर काही वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं.

कागदपत्रांचं काय?

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नोंदणीत क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. उलट नेहमीच्या नोंदणीवर राहिलेल्या, २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये ८०,००० रुपयांवर गेलं.

आकडे पाहून व्हिंटेजच बरी असं वाटतं, पण तिला अटी आहेत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. पाइप, गॅस्केट आणि जेटची जुळणी हे देखभालीचं काम आहे. पण ई२०चा कटकटीचा निकाल लावायचा म्हणून जुनं इंजिन काढून आधुनिक फ्युएल इंजेक्शनवालं बसवायचा विचार असेल, तर व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करण्याआधीच त्याचा फेरविचार केलेला बरा.