माफ करायचं म्हणजे तक्रार करायची नाही?

मास्ट्रिख्टमधल्या पालकांनो, शाळेत पोराला कोणी रोज चिडवत असेल तर आपल्यापैकी बरेच जण काय सांगतात? "जाऊ दे बाळा, येशूने शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय." मला हे पटत नाही. यात क्षमा कमी, आपला संकोच जास्त. परक्या देशात कशाला वाद!

सिस्टर राणी मारिया आठवतात? मध्य प्रदेशात गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ला समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. आणि २००२मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. सात वर्षांनी! पुढे त्याच्या सुटकेलाही घरच्यांनी साथ दिली, २००६मध्ये तो सुटला. गुन्ह्याला गुन्हाच म्हटलं, तरी माणूस टाकला नाही.

आणि आपण सात वर्षांच्या पोराकडून त्याच संध्याकाळी माफी वदवून घेतो.

शिक्षकांना भेटा, डच मोडकंतोडकं असलं तरी स्पष्ट बोला. रात्रीच्या प्रार्थनेत मात्र त्या दुसऱ्या पोराचंही नाव घ्या. आपल्या लेकराला नसेल घ्यायचं, तर तुम्ही घ्या, जबरदस्ती नको. रविवारी मिस्सानंतर बॅसिलिकात सागरतारा मारियेपुढे मेणबत्ती लावता ना, एक त्याच्यासाठीही लावा. आणि त्याच्या आईबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे चाललंय, ते आधी थांबवा. मुलं आपले फोन वाचतात.