उंदीर : उपमा की रूपक?

उपमा आणि रूपक यांतील भेद आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. उपमेत उपमेय आणि उपमान यांचे साम्य सांगितले जाते, पण दोघांचे वेगळेपण शाबूत राहते. रूपकात दोहोंचा अभेद मानला जातो. विद्यार्थी हे पाठ करतात आणि आम्ही गुण देऊन मोकळे होतो. आमच्या एका सहकाऱ्यांच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हा मात्र हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही हे आम्हांला उमगले. भेटीस येणारे वर्तमानपत्रांची कात्रणे आणीत : ‘कर्करोगावर उपाय सापडला’. घरची माणसे ते औषध मिळेल का, म्हणून डॉक्टरांना विचारीत. मजकूर शेवटपर्यंत वाचल्यावर कळे, की उपाय उंदरांत सापडला होता.

शास्त्रज्ञ अशा उंदराला रोगाचे ‘मॉडेल’ म्हणतात. आमच्या मते मॉडेल ही उपमाच आहे. माणसाचा रोग हे उपमेय, उंदराचा रोग हे उपमान, आणि जनुकांतले साम्य हा साधारणधर्म. मथळ्यात ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द गळतो आणि उपमेचे रूपक होते.

शास्त्रज्ञ स्वतः ही उपमा नेमकी करण्यासाठी केवढे कष्ट घेतात! एखादे जनुक निकामी केलेला ‘नॉकआउट’ उंदीर ज्यांच्या कामामुळे शक्य झाला, त्या कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु साध्या नॉकआउट उंदराच्या सगळ्याच पेशींत तो बिघाड असतो. माणसाचा कर्करोग बहुधा निरोगी पेशींच्या गर्दीत, एखाद्याच पेशीतून सुरू होतो. म्हणून मोझेक उंदीर हवा. मोझेक फरशीत निरनिराळ्या रंगांचे तुकडे असावेत, तशा त्याच्या एकाच देहात निरनिराळ्या जनुकांच्या पेशी असतात.

२००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लीचुन लुओ यांच्या गटाने यासाठी एक पद्धत मांडली. ‘क्रे’ नावाचे एन्झाइम गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल घडविते. मग पेशी विभागली की तिच्या दोन लेकींपैकी एक हिरवी, दुसरी लाल दिसू शकते. एकीत जनुक निकामी, दुसरीत शाबूत. आजारी पेशी आणि तिची निरोगी बहीण एकाच देहात ताडून पाहता येतात. २०११ साली याच पद्धतीने ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचा माग काढला गेला. बिघाड मूलपेशींत केला होता. पण गाठ होण्यापूर्वीची बेसुमार वाढ त्यांच्यापासून पुढे निर्माण झालेल्या एका विशिष्ट प्रकारच्या पूर्वपेशींतच आढळली. सरसकट बिघाडात हे दिसणे कठीण होते.

तरीही ही उपमाच. कोणते जनुक बिघडवायचे आणि केव्हा, हे इथे संशोधक ठरवितो. उंदराचे आयुष्यही जेमतेम दोन-तीन वर्षांचे. साम्य वाढते, अभेद होत नाही.

रुग्णाची आशा हिरावून घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या घरी मात्र प्रत्येक कात्रणाने आशेबरोबर एक नवी निराशाही आणली. ती निराशा रोगाने दिलेली नव्हती, भाषेने दिलेली होती. आणि भाषा हा तर आमचा विषय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अलंकारांच्या तासाला कवितेसोबत विज्ञानाची एखादी बातमीही वाचावी. उपमेय कोणते, उपमान कोणते आणि गळलेला शब्द कोणता, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. उद्या त्यांच्याही घरी असे कात्रण येणार आहे.