मूलपेशी टकलातही असतात

रामटेकच्या अंबाळा तलावाच्या घाटावर दशक्रियेला बसलेल्या पुरुषांच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो आणि महिनाभरात ते डोके पुन्हा काळे दिसू लागते. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो. केस जिथे तयार होतो ती जागा कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल असते. तिला वस्तऱ्याचा पत्ताही नसतो. त्याच घाटावर, त्याच रांगेत बसलेल्या एखाद्या काकांच्या माथ्यावर मात्र वस्तऱ्याला काही कामच उरलेले नसते. तिथे महिनाभरात केस येत नाहीत, वर्षभरातही येत नाहीत. मुंडणाने केस दाट होतात ही समजूत खरी असती तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता.

या दोन डोक्यांत फरक नेमका कशाचा, हे ठाऊक नसल्याचा फायदा घेत एक बाजार उभा राहिला आहे. मोबाइल उघडला की ‘स्टेम सेलने केस परत मिळवा’ अशी जाहिरात समोर येते. आधीचे डोके, नंतरचे डोके, खाली हप्त्यांची सोय. रामटेकहून नागपूर पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या बसने जाऊन दुपारी डोक्यात सुया टोचून घेऊन संध्याकाळी परत येता येते. जाणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो, घरात लग्नाची बोलणी सुरू असतात आणि स्थळाकडच्यांना पाठवायचा फोटो टोपी घालून काढता येत नाही. टकलाची थट्टा करणाऱ्यांना हा त्रास किरकोळ वाटतो. ज्याला तो होतो तो त्यापायी कर्ज काढायला तयार होतो आणि हे विकणाऱ्याला पक्के माहीत असते.

जाहिरातीचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. डोक्यातल्या मूलपेशी संपल्या म्हणून केस गेले. पोटाच्या चरबीतून किंवा रक्तातून नव्या मूलपेशी काढून तिथे सोडल्या की केस येतील. शेत ओसाड पडले, बियाणे पेरा, इतके सोपे. अडचण एवढीच की पहिले वाक्यच चुकीचे आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख रोमकूप असतात. प्रत्येक रोमकूप हा केस घडवणारा छोटा कारखाना. दोन ते सहा वर्षे तो केस वाढवतो, मग काही आठवडे आवरते घेतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, जुना केस गळतो आणि नवा सुरू होतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा याच चक्राचा भाग. चक्र पुन्हा सुरू करणाऱ्या मूलपेशी रोमकूपाच्या मधल्या फुगीर भागात राहतात, हे १९९० मध्ये जॉर्ज कॉत्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. पुढे २०११ मध्ये याच कॉत्सारेलिस यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने एक साधी तुलना केली. केशरोपण करून घेणाऱ्या पुरुषांच्या डोक्यावरची टकलाची कातडी आणि केस असलेली कातडी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. टकलातही मूलपेशी जवळपास तितक्याच निघाल्या. कमी होत्या त्या त्यांच्यापासून तयार होणाऱ्या, प्रत्यक्ष केस उभारणाऱ्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी. म्हणजे बियाणे जमिनीत पडून आहे, ते उगवत नाही.

का उगवत नाही, याचे अर्धे उत्तर माहीत आहे. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डीएचटी नावाचे संप्रेरक आनुवंशिक कल असलेल्या रोमकूपांना हळूहळू आक्रसवते. जाड केसाच्या जागी पातळ केस येतो, मग लव, आणि शेवटी डोळ्यांना काहीच दिसत नाही. डोक्याच्या मागच्या भागातले रोमकूप या संप्रेरकाला फारसे दाद देत नाहीत, म्हणून टकलाभोवती केसांची कड टिकून राहते. हा हुकूम जोवर चालू आहे तोवर वरून आणखी पेशी सोडून काय साधणार, याचे उत्तर सुई टोचणाऱ्याकडे नसते.

त्या सुईत तरी काय असते? बहुतेक ठिकाणी पीआरपी, म्हणजे रुग्णाचेच रक्त फिरवून वेगळा केलेला बिंबिकांचा, प्लेटलेट्सचा द्रव. बिंबिका मूलपेशी नाहीत. त्यांना केंद्रकसुद्धा नसते. पीआरपीने काही रुग्णांत केस थोडे जाड झाल्याचे अभ्यास आहेत, पण द्रव बनवण्याच्या पद्धती इतक्या वेगवेगळ्या की एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू होईलच असे नाही. तरी पीआरपीला पीआरपी म्हणणारा डॉक्टर निदान खरे बोलतो. काही ठिकाणी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींचे मिश्रण टोचले जाते. आता नवा शब्द आला आहे, एक्झोसोम. पेशींनी बाहेर टाकलेल्या या सूक्ष्म पिशव्यांच्या उत्पादनांबाबत अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता. आणि सफरचंदाच्या मूलपेशींचे सीरम? सफरचंदाला केस नसतात, एवढे सांगितले तरी पुरे.

मग ‘मला फरक पडला’ असे सांगणारे इतके लोक भेटतात ते सगळे खोटे बोलतात का? नाही. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळू लागतात. शरीराला बसलेल्या धक्क्याने असंख्य रोमकूप एकदम विश्रांतीला गेलेले असतात. काही महिन्यांत ते आपोआप कामाला लागतात. माणूस दवाखान्यात धाव घेतो ती गळती ऐन भरात असताना. चार बैठका होईपर्यंत गळती तिच्या वेळेने थांबलेली असते आणि श्रेय सुईला जाते. आधी-नंतरच्या फोटोंत असे किती जण असतील, हे तेच दवाखाने जाणोत.

केस गळण्याचे कारण आधी शोधावे लागते, हे विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाने नुकतेच पाहिले आहे. डिसेंबर २०२४ अखेर बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. बायका, मुले, म्हातारे, कोणी सुटले नाही. आधी पाण्यावर संशय गेला, शाम्पूवर गेला. आयसीएमआरचे पथक आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. तिथल्या रेशनच्या गव्हात त्यांना सेलेनियमचे प्रमाण किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, म्हणजे अपेक्षित मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. रुग्णांच्या रक्तात आणि केसांतही ते भरमसाट होते, तर जस्त कमी होते. बाधितांचा आकडा १८ गावांत २७९ पर्यंत गेला. पुढे अनेकांच्या डोक्यावर नवे केस उगवू लागले, कारण रोमकूप मेले नव्हते. त्या पहिल्या आठवड्यात कुणी मूलपेशींची सुई घेऊन शेगावला पोहोचला असता तर त्याच्याकडे शेकडो ‘यशस्वी’ रुग्णांचे फोटो जमा झाले असते.

मूलपेशी उपचार हे थोतांड नाही, हेही सांगायला हवे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताच्या कर्करोगात आणि इतर काही रक्तविकारांत रक्त घडवणाऱ्या मूलपेशींनी तेव्हापासून माणसे वाचवली आहेत. त्या पुण्याईवर आता टकलाचे बिल फाडले जात आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण ठरलेल्या आजारांत करणे हा मान्य उपचार. त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर प्रयोग मानला जातो आणि तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा. चाचणी म्हटली की तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, नीतिसमितीची मान्यता हवी, आणि ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून टकलावर मूलपेशी सोडण्याचे शुल्क सांगितले गेले, तर ती चाचणी नव्हे आणि मान्य उपचारही नव्हे.

औषध नियमांच्या जोडपत्र ‘जे’मध्ये औषधाने बरे करतो असा दावा करता येत नाही अशा विकारांची यादी आहे. तीत टक्कल आहे, नवे केस उगवणेही आहे. पण दवाखाना ‘औषध’ विकत नाही, ‘प्रक्रिया’ विकतो, आणि जाहिरात डॉक्टरच्या नावाने नाही, कंपनीच्या नावाने येते. या फटीतून सगळे सुखरूप निसटते. महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि अन्न व औषध प्रशासन तक्रारीची वाट पाहत बसतात. टकलाची फसवणूक झालेला माणूस तक्रार करत नाही. त्याला आणखी हसे करून घ्यायचे नसते. जाहिराती सर्वांच्या मोबाइलवर आहेत. त्या पाहायला तक्रारदार कशाला हवा?

संशोधन थांबलेले नाही. केसाच्या मुळाशी असणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत गोळ्यांच्या रूपात वाढवल्या तर त्या मानवी कातडीत नवा केस उगवण्यास प्रवृत्त करू शकतात, हे २०१३ मध्ये कोलंबिया आणि डरहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवले. ती कातडी मात्र उंदरांच्या पाठीवर बसवलेली होती. जपानमध्ये ६५ जणांच्या डोक्यात त्यांच्याच रोमकूपांतल्या पेशी वाढवून टोचल्या गेल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केस थोडे वाढले, फार नाही, आणि परिणाम काही महिन्यांचा. अनेक वर्षांच्या कष्टांनंतर जपानी शास्त्रज्ञ ‘थोडे’ म्हणतात, आणि आपल्याकडचा फलक ‘हमखास’ म्हणतो.

दरम्यान जे चालते ते कंटाळवाणे आहे. डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल १९८८ पासून वापरात आहे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते म्हणून पुष्कळजण तिथेच सोडतात, तर फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि थांबवले की केस पुन्हा जातात. फिनास्टेराइड डीएचटी कमी करते, १९९७ पासून टकलासाठी मान्य आहे, पण काहींना लैंगिक तक्रारी होतात आणि गर्भवतींनी त्यापासून दूरच राहायचे, त्यामुळे ते दुकानदाराला विचारून घेण्याचे औषध नाही. केशरोपणात मागचे टिकाऊ रोमकूप मूलपेशींसह जसेच्या तसे उचलून पुढे लावले जातात; घरासकट हललेल्या या पेशी खरोखर काम करतात. मात्र तेही कुणी करावे यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला: यूट्यूब पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

नागपूरच्या मेडिकल आणि मेयोत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, एम्सही आहे. रामटेकहून सकाळची तीच बस तिथेही जाते. जाताना गेल्या सहा महिन्यांतल्या आजारांची आणि औषधांची यादी, हिमोग्लोबिन व थायरॉइडचे जुने अहवाल असल्यास ते, आणि वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो सोबत ठेवावा. जाण्यापूर्वी आठवडाभर तेल, कांद्याचा रस वगैरे बंद ठेवले तर डॉक्टरांना डोके नीट पाहता येते.