भावी, माजी आणि चेंबर

आमच्या चौकातल्या फ्लेक्सशी माझं जुनं वैर आहे. या आठवड्यात नवा लागला. गॉगल लावून हात जोडलेला तरुण आणि खाली पदवी : 'भावी स्वीकृत नगरसेवक'. म्हणजे मतं मिळणार नाहीत हे आधीच कबूल; खुर्ची मात्र हवीच!

पुण्याला तशी रिकाम्या खुर्च्यांची सवय आहे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधे प्रशासक. त्यातच 29 मार्च 2023 ला खासदार गिरीश बापट गेले. पोटनिवडणूक सहा महिन्यांत व्हायची. पण आयोग म्हणे लोकसभेच्या तयारीत. डिसेंबरात उच्च न्यायालयानं कान उपटले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि जून 2024 पर्यंत पुणं बिनखासदाराचं राहिलं. बापट गेले त्याच वर्षी कसब्याची आमदारकी मात्र दोनेक महिन्यांत भरली होती.

खुर्च्या रिकाम्या होत्या, फ्लेक्स नव्हते. बापटांना जाऊन आठवडा उलटायच्या आत 'भावी खासदार' झळकले.

प्रशासकांच्या काळात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. अर्ज करून थकलो आणि माजी नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात गेलो. लेटरहेडवर नाव बोटभर, 'माजी' मुंगीएवढं. "काका, आता आपल्या हातात काय राहिलंय?" म्हणत तिथल्या पोरानं एक फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटिंगची गाडी दारात! हातात काही नसताना हे, तर असताना काय होईल, या आशेवर मी जानेवारीत मतदानाला गेलो.

आता शहराला 165 नगरसेवक आहेत, आमच्या प्रभागाला चार. चेंबर पुन्हा तुंबलंय. पहिले म्हणाले, तो भाग ताईंकडे. दुसरे लग्नात. तिसऱ्यांचा फोन लागत नाही.

ताईंचा फोन मात्र पहिल्या रिंगला उचलला जातो. यजमान उचलतात. मतपत्रिकेवर ताई, शपथेला ताई. पाहणीला, कंत्राटदाराला झापायला आणि फोनवर यजमान. महिलांसाठी राखीव असलेल्या निम्म्या जागांपैकी ही एक भरली म्हणायची की रिकामी, हे आयोगानं कळवावं.

"ताईंना द्या जरा," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी मनापासून प्रश्न आला, "चेंबरसाठी मॅडम कशाला?"