फेरीच्या वाटेला सिमेंट नको, सोयी हव्यात



ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीची वाट सिमेंटची करावी, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी चालणाऱ्यांचे हाल होतात, हे खरे. पण उपाय नाशिकच्याच दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भडोच, गोवर्धन, सोपारा येथील धर्मशाळा आणि नद्यांवरील मोफत होड्या यांची त्यात नोंद आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी वाटसरूंना निवारा मिळाला. आज भाविकांना निवारा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि प्रथमोपचार द्या. ब्रह्मगिरी हा गोदावरीच्या उगमाचा डोंगर आहे. त्यावरची माती पाणी जिरवते, सिमेंट ते वाहून जाऊ देते. वाट चालण्याचीच राहू द्या.

— फेरीला जाणारा एक वाचक, नाशिक