कार्ब्युरेटर शेवटी

एमजीबी ही १९६२ ते १९८० दरम्यान इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्स कार. ती रुसली, तर तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी बॅटरी, मग ठिणगी, नंतर पेट्रोल. सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. स्टार्टर नुसता ‘टक्’ करून गप्प बसला, तर त्यांच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी आणि सैल अर्थिंग पाहावे. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा डिस्ट्रिब्युटरची टोपी काढावी. पॉइंटमधली फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी आणि त्यांची तोंडे स्वच्छ हवीत. पेट्रोलची परीक्षा कानाने होते. चावी फिरवताच मागचा एसयू पंप भरभर टिकटिक करून थांबला पाहिजे. टिकटिक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. मुळीच नसेल, तर बहुधा पंपाचे पॉइंट चिकटले आहेत. मग पान्याच्या दांड्याची हलकी टपली बसताच पंप पुन्हा बोलू लागतो, पण हा उपाय घरी पोहोचण्यापुरताच. कार्ब्युरेटरची पाळी सर्वांत शेवटी. आल्या आल्या तो खोलणारा मेकॅनिक एका बिघाडाचे दोन करतो.